अक्षर कोठे तोडावे?

मजकुरातून हवा तेवढा भाग वेगळा काढणे हे संगणकाच्या साध्यात साध्या कामांपैकी एक समजले जाते. वेबसाठी पीएचपी ही भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच त्यासाठीचे फंक्शन भेटते. त्याचे नाव 'सबस्ट्र', म्हणजे सबस्ट्रिंग या शब्दाचे लघुरूप. मजकूर द्यायचा, कोठून सुरुवात करायची तो आकडा द्यायचा आणि किती लांबीचा तुकडा हवा ते सांगायचे, की काम झाले.

आता एखाद्या मराठी शाळेचे संकेतस्थळ डोळ्यांपुढे आणा. मुख्य पानावर प्रत्येक सूचनेची पहिली शंभर अक्षरे दाखवावीत आणि पुढे 'अधिक वाचा' असे यावे, अशी योजना आहे. विद्यार्थी 'सबस्ट्र'ला शून्य आणि शंभर हे आकडे देतो. इंग्रजी सूचना बिनचूक दिसते. मराठी सूचना मात्र पस्तीस-चाळीस चिन्हांतच संपते आणि तिच्या शेवटी काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह उमटते. पीएचपीच्या काही आवृत्त्यांत तर सूचना पूर्णच नाहीशी होते आणि तेथे कोरी जागा राहते. कोठे एखादे जोडाक्षर मधोमध तुटून पाय मोडलेले अक्षर मागे उरते.

यात फंक्शनचा दोष काहीच नसतो. त्याला सांगितले तेच त्याने केलेले असते. 'शंभर' म्हणजे शंभर काय, हा प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो. हा प्रश्न इतकी वर्षे का विचारला गेला नाही आणि तो विचारल्यावर त्याचे उत्तर द्यायला किती काळ लागला, हा इतिहास रंजक आहे. मराठी शिकवणाऱ्यांना तो विशेष जवळचा वाटेल.

एक अक्षर, एक घर

१९६३ साली अमेरिकेत 'ॲस्की' ही संकेतप्रणाली मानक म्हणून ठरली. टेलिप्रिंटर आणि संगणक यांच्यात मजकुराची देवाणघेवाण व्हावी, हा तिचा हेतू. सात द्विमान अंकांत १२८ संकेत बसतात. रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही आज्ञा यांना तेवढे पुरेसे होते. १९६३ च्या पहिल्या मानकात तर रोमन लिपीची लहान अक्षरेही नव्हती. ती १९६७ च्या सुधारणेत आली.

१९६४ साली आयबीएमने आपली 'सिस्टिम ३६०' ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्यात आठ द्विमान अंकांचा बाइट हे स्मृतीचे मूळ माप होते. पुढे तेच माप सर्वत्र रूढ झाले. ॲस्कीचे एक अक्षर एका बाइटमध्ये आरामात बसते. त्यामुळे अक्षरे मोजा किंवा बाइट मोजा, उत्तर एकच येऊ लागले. दोन वेगळ्या गोष्टींचे मोजमाप नेहमी सारखेच येत असेल, तर त्या दोन आहेत याचा विसर पडतो. येथेही तसेच झाले.

१९७०च्या दशकाच्या आरंभी डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत सी ही भाषा घडवली, तेव्हा एका बाइटच्या जागेला नावच 'कॅरॅक्टर' या शब्दावरून दिले. १९९४ साली रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या वेबपानांसाठी काही छोटे प्रोग्रॅम लिहिले, ते सी भाषेतच. जून १९९५ मध्ये ते त्यांनी सर्वांसाठी खुले केले. पीएचपीची ही सुरुवात. सी भाषेची मोजण्याची रीत तिच्यात आपोआप उतरली. आजही पीएचपीचे 'सबस्ट्र' बाइटच मोजते.

शून्य आणि एक

एकक बाजूला ठेवले, तरी मोजणीत आणखी दोन खाचखळगे आहेत. पहिला सुरुवातीचा. रोमन लिपीत लिहिलेला 'मुंबई' हा शब्द घेऊ. त्यात एम, यू, एम, बी, ए, आय अशी सहा अक्षरे येतात. 'सबस्ट्र'ला सुरुवात १ आणि लांबी ३ असे सांगितले, तर उत्तर 'यू एम बी' येते. पहिल्या अक्षराचा क्रमांक शून्य असतो, हे त्याचे कारण.

हे समजवायला मोजपट्टी उत्तम. तिच्यावरचे आकडे रेघांना दिलेले असतात, रेघांमधल्या जागांना नव्हे. पहिला सेंटिमीटर शून्याच्या रेघेपासून सुरू होतो. येथेही आकडा हा सुरुवातीपासून किती पुढे जायचे याचे अंतर आहे. एडस्गर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञांनी ऑगस्ट १९८२ मध्ये एक छोटे टिपण लिहून क्रमांक शून्यापासूनच का असावेत हे तर्काने मांडले. सुरुवातीची सीमा धरावी आणि शेवटची सोडावी, म्हणजे दोन सीमांची वजाबाकी हीच तुकड्याची लांबी होते, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा.

दुसरा खळगा शेवटचा. १९९५ मध्येच जन्मलेल्या जावास्क्रिप्टमध्ये 'सबस्ट्रिंग' नावाचे फंक्शन आहे. त्याला १ आणि ३ हेच आकडे दिले तर 'यू एम' एवढेच मिळते, कारण तेथे दुसरा आकडा लांबी सांगत नाही, शेवटची सीमा सांगतो. पीएचपी आणि जावास्क्रिप्ट एकाच वेबपानासाठी शेजारी बसून लिहिल्या जातात. तेव्हा हा घोटाळा अनुभवी माणसाकडूनही होतो.

शून्याचा आणखी एक चकवा आहे. मजकुरात एखादा शब्द कोठे आहे हे 'स्ट्रपॉस' हे फंक्शन सांगते. शब्द अगदी आरंभी असेल तर उत्तर शून्य येते आणि शब्द सापडलाच नाही तर 'असत्य' हे मूल्य येते. 'सापडला तर पुढचे काम कर' अशी अट लिहिली, की पीएचपी शून्यालाही असत्य समजते आणि पहिल्याच जागी असलेला शब्द नसल्यासारखा होतो. म्हणून तेथे तीन बरोबर-चिन्हे वापरून काटेकोर तुलना करावी लागते. शब्द आहे की नाही एवढेच हवे असेल, तर त्यासाठीचे सरळ फंक्शन नोव्हेंबर २०२० च्या आठव्या आवृत्तीत आले. त्याच आवृत्तीत 'सबस्ट्र'चीही एक जुनी तऱ्हा सुधारली. मजकूर संपल्यानंतरची जागा सुरुवात म्हणून दिली, तर पूर्वी असत्य मिळे. आता रिकामा मजकूर मिळतो.

देवनागरीला जागा

भारतीय लिपींना संगणकात बसवण्याचे काम १९८०च्या दशकात नेटाने झाले. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले 'जिस्ट' हे तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. याच काळात 'इस्की' ही भारतीय संकेतप्रणाली आकाराला आली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने तिला आयएस १३१९४ हे मानक दिले.

इस्कीमागची कल्पना सुंदर होती. बाइटमध्ये २५६ संकेत मावतात. त्यांतला पहिला अर्धा भाग ॲस्कीसाठी तसाच ठेवला आणि दुसऱ्या अर्ध्यात भारतीय वर्णमाला बसवली. ब्राह्मीतून निघालेल्या लिपींची वर्णमाला एकाच क्रमाने जात असल्याने देवनागरी, बंगाली, तेलुगू यांच्या 'क'ला एकच संकेत देता आला. जोडाक्षरांना वेगळी घरे दिली नाहीत. 'क', मग हलन्ताचे चिन्ह, मग 'ष' असे तीन संकेत ओळीने आले की पडद्यावर 'क्ष' दिसावा, अशी रचना केली.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालीच प्रसिद्ध झाली. जगातील सर्व लिपींना एकाच यादीत क्रमांक द्यायचे, हा तिचा संकल्प. तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतला आहे. म्हणजे आज आपल्या भ्रमणध्वनीत मराठी ज्या क्रमाने साठते, त्याची मांडणी मुळात भारतातली आहे.

पण यादीतला क्रमांक प्रत्यक्ष बाइटमध्ये कसा लिहायचा, हा प्रश्न उरतोच. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी त्याची एक युक्ती ताटाखालच्या कागदावर मांडली. तीच आजची यूटीएफ-८. ॲस्कीची अक्षरे पूर्वीप्रमाणे एकेका बाइटमध्ये राहतात. इतरांना दोन, तीन किंवा चार बाइट लागतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'म' साठी २२४, १६४, १७४ हे तीन आकडे ओळीने लिहिले जातात.

या आकड्यांत एक हुशारी दडलेली आहे. १२८ पेक्षा लहान बाइट स्वतंत्र असतो. १२८ ते १९१ यांमधला बाइट नेहमी कोणाच्या तरी मागे जोडलेला असतो. १९२ पासून पुढचा बाइट नव्या चिन्हाची सुरुवात करतो आणि मागे किती डबे आहेत हेही सांगतो. इंजिन आणि डबे यांचा रंग वेगळा असावा, तसे हे आहे. गाडी मध्येच तुटली तर ती तुटली हे लगेच कळते.

शंभराव्या बाइटवर काय घडले ते आता उघड होते. सलग देवनागरी चिन्हे असतील तर ९९ बाइटमध्ये ३३ चिन्हे बसतात आणि शंभरावा बाइट म्हणजे डबे नसलेले इंजिन. मधल्या मोकळ्या जागा एकेका बाइटच्या असल्याने प्रत्यक्षात चिन्हे थोडी अधिक बसतात, एवढेच. ब्राउझरला इंजिन एकटे दिसले की तो काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह दाखवतो. कोऱ्या जागेचे कारणही हेच. पानावर छापण्यापूर्वी मजकुरातील विशेष चिन्हे निरुपद्रवी करणारे फंक्शन २०१२ च्या ५.४ आवृत्तीपासून यूटीएफ-८ गृहीत धरू लागले आणि एक जरी बाइट अशुद्ध दिसला तरी पूर्ण मजकूर नाकारून रिकामे उत्तर देऊ लागले. २०२१ च्या ८.१ आवृत्तीपासून ते नेहमीच्या वापरात फक्त तुटलेल्या जागी खूण ठेवते.

न आलेली सहावी आवृत्ती

बाइटऐवजी चिन्हे मोजण्याची गरज जपानी प्रोग्रॅमरांना आधीच भासली होती, कारण त्यांची लिपी एका बाइटमध्ये मावतच नव्हती. त्यांच्या प्रयत्नातून पीएचपीला जोडसंच मिळाला आणि 'एमबी-सबस्ट्र' हे फंक्शन आले. एमबी म्हणजे मल्टिबाइट. मात्र मजकूर कोणत्या संकेतप्रणालीत आहे हे त्याला सांगावे लागे. न सांगितल्यास तो यूटीएफ-८ आहे असे मानणे २०१४ च्या ५.६ आवृत्तीपासून सुरू झाले. त्यामुळे जुन्या सर्व्हरवर योग्य फंक्शन वापरूनही मराठी तुटे आणि शिकणारा बुचकळ्यात पडे.

दरम्यान २००५ मध्ये मोठा बेत आखला गेला. सहाव्या आवृत्तीत पीएचपीचा सगळा मजकूर आतून युनिकोडमध्येच ठेवायचा, म्हणजे साधे 'सबस्ट्र'ही आपोआप चिन्हे मोजील. आंद्रेई झ्मिएव्हस्की यांच्या पुढाकाराने काम सुरू झाले. आतली साठवण यूटीएफ-१६ या पद्धतीने करायची ठरली. वेबवरचा मजकूर मात्र अधिकाधिक यूटीएफ-८ मध्ये येत होता. येताना एक रूपांतर, जाताना दुसरे. इंग्रजी मजकुराला जागा दुप्पट लागू लागली. काम अवघड होते आणि ते जाणणारी माणसे थोडी. २०१० मध्ये हा बेत सोडून देण्यात आला. त्यातील इतर उपयोगी सुधारणा पाचव्या आवृत्तीच्या पुढील अंकांत घेतल्या गेल्या. तोवर सहाव्या आवृत्तीवर पुस्तकेही निघाली होती. गोंधळ नको म्हणून २०१५ साली पाचनंतर थेट सातवी आवृत्ती आली.

हे अपयश बोधप्रद आहे. फाइलचा आकार, चित्राचा मजकूर किंवा सांकेतिक कुलूप यांसाठी बाइटच मोजावे लागतात. सगळीकडे एकच एकक लादले, तर एकाची सोय आणि दुसऱ्याची गैरसोय होते. पीएचपीने अखेर वेगवेगळ्या एककांसाठी वेगवेगळी फंक्शने ठेवली आणि निवड लिहिणाऱ्यावर सोपवली.

वर्ण, चिन्ह आणि अक्षर

आता 'शिक्षक' हा शब्द घेऊ. व्याकरणाच्या तासाला आपण त्याची फोड श् + इ + क् + ष् + अ + क् + अ अशी करतो. हे सात वर्ण झाले. युनिकोडमध्ये श, वेलांटी, क, हलन्त, ष, क अशी सहा चिन्हे साठतात. 'अ' हा व्यंजनात गृहीत असल्याने तो लिहिला जात नाही आणि तो नाही हे सांगण्यासाठी हलन्त लिहावा लागतो. यूटीएफ-८ मध्ये त्याच शब्दाचे १८ बाइट होतात. आणि मुलाला विचारले तर तो शि, क्ष, क अशी तीन अक्षरे सांगतो. चारही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत.

'एमबी-सबस्ट्र'कडे पहिली चार मागितली, तर ते 'शिक्' देते. प्रश्नचिन्ह गेले, पण 'क्ष' तुटला. पहिले एकच मागितले तर 'श' मिळतो, वेलांटीशिवाय. वेलांटी डोळ्यांना आधी दिसत असली, तरी साठवणीत ती व्यंजनाच्या मागून येते.

मराठीत याहून नाजूक प्रसंगही येतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दुसऱ्या शब्दातील अर्धा 'र' युनिकोडमध्ये 'ऱ' या स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, 'र'ला खाली नुक्ता जोडूनही लिहिता येतो आणि साध्या 'र'च्या हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही तोच आकार उमटवता येतो. पडद्यावर तिन्ही सारखेच. मोजणीत मात्र फरक पडतो आणि एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीच्या मजकुरात शोधला तर सापडत नाही. अशा वेळी दोष तोडण्यात नसून टंकलेखनात असतो. नुक्त्याच्या जोडीचे एकरूपीकरण ठरलेल्या नियमाने करता येते. अदृश्य चिन्ह मात्र वेगळे हाताळावे लागते.

वाचकाला जे एक अक्षर वाटते, त्यासाठी युनिकोडने 'ग्राफीम क्लस्टर' ही संज्ञा ठरवली आणि २००९ च्या ५.३ आवृत्तीपासून पीएचपीत 'ग्राफीम-सबस्ट्र' हे फंक्शनही उपलब्ध झाले. 'श' आणि वेलांटी यांना ते एकत्र ठेवी. तरीही जुन्या नियमांप्रमाणे 'शिक्षक' या शब्दात शि, क्, ष, क असे चार गट पडत. हलन्तानंतर तोडू नये, हा नियम त्यांत नव्हता. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह सहा भारतीय लिपींसाठी तो नियम दाखल झाला आणि 'शिक्षक' तीन अक्षरांचा ठरला.

या ठिकाणी मराठीच्या शिक्षकाला आपला छंदाचा धडा आठवेल. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे मोजताना जोडाक्षर एकच धरायचे, हे आपण मुलांना सहज सांगतो. अक्षरगणवृत्तांतही तसेच. जी मोजणी ओव्या आणि अभंग रचणाऱ्यांच्या जिभेवर होती, ती नियमांच्या रूपात यंत्राला सांगायला १९६३ पासून साठ वर्षे लागली. यात कोणाचा हट्ट नव्हता. सुरुवात ज्या लिपीपासून झाली, तिला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

दोष शोधताना

मजकूर चुकीच्या जागी तुटत असेल, तर अंदाजाने आकडे बदलत बसू नये. एकच छोटा शब्द घेऊन त्याची लांबी तिन्ही फंक्शनांनी मोजावी. 'शिक्षक'साठी १८, ६ आणि ३ ही उत्तरे आली, तर सर्व ठीक आहे. दुसरे उत्तरही १८ आले, तर संकेतप्रणाली सांगायची राहिली आहे. तिसरे ४ आले, तर सर्व्हरवरील युनिकोडचे नियम जुने आहेत. दुसरे ७ आले, तर एखादे अदृश्य चिन्ह शिरले असावे. मराठी अंकांनाही हाच न्याय लागतो. '१९९१' ही चार अंकांची संख्या बारा बाइट घेते. जागेची मर्यादा बाइटमध्येच पाळायची असेल, तर 'एमबी-स्ट्रकट' हे फंक्शन तुटलेले इंजिन मागे न ठेवता अलीकडच्या चिन्हाशी थांबते.

हा सगळा भाग संगणकाशिवायही वर्गात करता येईल. कागदाच्या पट्टीवर अठरा चौकोन आखावेत. तीन-तीन चौकोनांवर एकेक चिन्ह लिहून 'शिक्षक' पुरा करावा आणि मुलांना कात्री द्यावी. चार चौकोनांवर कापा, बारा चौकोनांवर कापा, मग दोन अक्षरांनंतर कापा असे सांगावे. पहिल्या वेळी 'श' आणि पुढच्या चिन्हाचा निरर्थक तुकडा हाती येईल, दुसऱ्या वेळी 'शिक्' आणि तिसऱ्या वेळी, पंधराव्या चौकोनापाशी, 'शिक्ष'. एकाच पट्टीवर तीन प्रकारची मोजपट्टी लावता येते आणि कापण्यापूर्वी ती कोणती हे ठरवावे लागते, एवढे मुलांच्या ध्यानात आले तरी पुरेसे आहे. पुढे त्यांच्यातला कोणी शाळेच्या दाखल्यावर नाव छापणारा प्रोग्रॅम लिहील, तेव्हा 'कृष्णा'चा 'कृष्' होणार नाही.